देवनागरी नावाची पाटी: सीएनसी राऊटरवर भेटवस्तू कोरताना

वास्तुशांतीला काय न्यावं, निवृत्त होणाऱ्या सरांना काय द्यावं, बारशाला चांदीचा वाळा सोडून दुसरं काही सुचतं का, अशा प्रश्नांना लाकडात कोरलेलं नाव हे फार चांगलं उत्तर आहे. सीएनसी राऊटर म्हणजे संगणकाच्या सूचनेनुसार फिरतं पातं चालवून लाकूड कोरणारं मशीन. छोटे राऊटर आता घरातल्या टेबलावर मावतात, आणि शहरात कुणाच्या ना कुणाच्या वर्कशॉपमध्ये तासाच्या भाड्यानंही वेळ मिळतो. अडचण वेगळीच आहे. या विषयावरचं बहुतेक मार्गदर्शन रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असतं. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात. आपली अक्षरं एका शिरोरेषेला लटकतात, त्यांच्या वर वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. रोमनसाठी दिलेले आकडे आणि सवयी जशाच्या तशा उचलल्या, तर मशीन चोख चालूनही पाटी बिघडते.

म्हणून इथे एकच वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो: दाराबाहेर लावायची, सागवानातली, साधारण ३०० × १५० मिलिमीटरची नावाची पाटी. ती नीट जमली की बाकीच्या वस्तू आपोआप हाताशी येतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. या कामात लागणाऱ्या वेळातला निम्मा वेळ मशीन बंद असतानाच, अक्षरांवर खर्च व्हायला हवा. मशीन सांगितलं तेवढंच करतं. पाटी चांगली की वाईट, हे संगणकाच्या पडद्यावर ठरून गेलेलं असतं.

आधी नाव पक्कं करा

नाव फोनवर ऐकून लिहू नका. ज्यांना भेट द्यायची, त्यांच्या घरातल्या कुणाकडून तरी हाताने लिहून घ्या आणि त्याचा फोटो मागवा. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ प्रत्येक घराचा वेगळा असू शकतो, आणि व्याकरणाच्या नियमापेक्षा त्या घराची रीत मोठी. ‘श्री. व सौ.’ हवं की दोघांची नावं बरोबरीने, आजी-आजोबांचं नाव वर की फक्त आडनाव, इमारतीतला क्रमांक पाटीवर हवा का, हे सगळं आत्ताच विचारा. सरप्राइज द्यायचं असेल तर निदान त्यांच्या लग्नपत्रिकेवरून किंवा जुन्या पाटीवरून खात्री करून घ्या. लाकडात खोडरबर चालत नाही.

लहान मुलांच्या पाट्यांत अलीकडे मजकूर लांबला आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदीत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आला. पुष्कळ आईबाप बारशाच्या पाटीवरही तोच क्रम मागतात. चार शब्द एका ओळीत कोंबण्यापेक्षा बाळाचं नाव मोठं आणि उरलेलं त्याखाली लहान, अशी दोन ओळींची मांडणी कधीही बरी दिसते.

अक्षराची निवड

पहिली कसोटी: अक्षर मराठी वळणाचं आहे का. अनेक देवनागरी फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा, हे राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही नमूद आहे, पण शासनाने सांगितलं नसतं तरी ‘लेले’ किंवा ‘शिंदे’ यांच्या दारावर हिंदी वळण लगेच खटकतंच. ‘तिरो देवनागरी’ हा मोफत फाँट मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन स्वतंत्र आवृत्त्यांत मिळतो. त्यातली मराठी आवृत्ती घेतली की हा प्रश्न मिटतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हेही मुक्त परवान्याचे आहेत. मुक्ता सात जाडींत मिळतो, त्यामुळे कोरण्यासाठी नेमकी जाडी निवडता येते. बालू गुटगुटीत आहे, मुलांच्या खोलीच्या पाटीला शोभतो.

दुसरी कसोटी: चंद्रकोरी र. कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडपांडे ही नावं टाइप करून बघा. र नीट कोरीसारखा न दिसता रफार होऊन वर चढला किंवा सुटा पडला, तर टायपिंगची पद्धत बदला किंवा फाँट सोडून द्या.

तिसरी कसोटी कोरण्याची आहे, आणि तिथेच बहुतेक घोळ होतो. अक्षरातली सर्वांत बारीक रेघ पाटीच्या प्रत्यक्ष मापात किती भरते ते मोजा. ती २ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कोर इतकी उथळ येते की वरून सँडपेपर फिरला की रेघच पुसट होते. दोन रेघांमध्ये उरणारं लाकूडही तितकंच महत्त्वाचं. पाटीच्या लाकडाचे रेषे आडवे असतात आणि देवनागरीतले दंड उभे. ‘ण’मधले दोन दंड किंवा ‘णा’मध्ये लागोपाठ येणारे दंड यांच्यामध्ये लाकडाची जी उभी भिंत उरते, तिच्यात रेषे आडवे आणि आखूड असतात. अशी भिंत पातळ असेल तर बिट (मशीनचं फिरतं पातं) जाताना टवका उडतोच. तिथे किमान ३ मिलिमीटर लाकूड राहील एवढं अंतर ठेवा. शिरोरेषा आणि तिच्या वरचा अनुस्वार यांच्यात २ मिलिमीटर चालतं, कारण ती भिंत रेष्यांच्या दिशेने जाते.

माझी आवड सांगायची तर बोरूच्या वळणाची अक्षरं कोरीव कामाला सर्वांत सुंदर. तिरक्या कापाच्या बोरूने रेघेची टोकं धारदार येतात आणि व्ही आकाराच्या बिटला तीच टोकं जमतात. अनुस्वारच बघा. गोल टिंब कोरलं तर शंकूसारखा खड्डा पडतो, ठीक दिसतो. बोरूचं चौकोनी, तिरकं टिंब कोरलं तर चारी कोपऱ्यांतून चार रेषा उतरत तळाशी एका बिंदूत मिळतात. सकाळचं तिरकं ऊन पडलं की चार बाजूंपैकी दोन उजळतात, दोन काळोखात जातात. एवढ्याशा टिंबाने सबंध पाटी हाताने कोरल्यासारखी दिसू लागते.

काही घरांना आडनाव मोडीत हवं असतं. मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, त्यामुळे फाँट मिळतात. पण मोडी वाचता येणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय कोरू नका. आणि मोडीतली शिरोरेषा कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी ओढून मग अक्षरं लिहायची रीत होती, म्हणून पाटीवरही ती नावापुरती न थांबवता दोन्ही बाजूंना थोडी पुढे काढली तर अस्सल वाटते.

इंकस्केपमध्ये अक्षरांची रेखाकृती

कोरण्याचा मार्ग तयार करणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरांना देवनागरीची जुळणी करता येत नाही. त्यांत थेट मराठी टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. म्हणून अक्षरांचं काम इंकस्केपमध्ये करा. ते मोफत आहे आणि देवनागरी नीट जुळवतं.

पानाचं माप पाटीएवढं, मिलिमीटरमध्ये ठेवा. नाव युनिकोडमध्ये टाइप करा. पाटी दोन-तीन मीटरवरून वाचायची असते, तेव्हा शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत २५ ते ३० मिलिमीटर उंची पुरते. मात्र त्यावर वेलांटी आणि खाली उकार धरले तर एका ओळीला ५० मिलिमीटरच्या आसपास जागा लागते. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांवर येत नाहीत ना, ते पाहा. ‘कुलकर्णी’च्या खाली ‘निकिता’ आलं तर नेमकं हेच होतं.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. मजकूर निवडून ‘पाथ’ मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, मग ग्रुप सोडवा आणि सगळं निवडून ‘युनियन’ करा. देवनागरी फाँटात प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या तुकड्यावर थोडं चढतं. पडद्यावर ती एक सलग रेघ दिसते, पण राऊटरला तिथे दोन आकृत्या एकमेकींवर बसलेल्या दिसतात आणि तो प्रत्येक सांध्यावर बिट वर उचलून नको तिथे कोन काढतो. युनियन केल्यावर बाह्यरेषेच्या स्वरूपात पाहा (‘व्ह्यू’ मेनूत तशी सोय आहे). शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दिसली पाहिजे, आत एकही आडवी-उभी रेघ नको. व, ब, म यांच्या पोटातली पोकळी शिल्लक आहे ना, तेही बघा.

दोन शब्दांमध्ये शिरोरेषा तुटू द्यावी. काही जण शोभेसाठी ती जोडतात, पण मग ‘सुधा कर’ आणि ‘सुधाकर’ यांत फरक उरत नाही.

शेवटी एसव्हीजी म्हणून जतन करा (कोरण्याचा मार्ग बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला पुढे हीच फाइल द्यायची) आणि कागदावर एकास एक मापात छापून दारावर चिकटवा. दोन पावलं मागे जाऊन वाचा. घरातल्या दुसऱ्या कुणालाही वाचायला सांगा. चूक सापडायची असेल तर इथेच सापडते, आणि तिची किंमत एका कागदाची असते.

बिटचा कोन आणि खोली

नावासाठी व्ही-बिट वापरायचा. या प्रकारच्या कोरण्यात बिट रेघेच्या मधोमध चालतो आणि रेघ जिथे रुंद तिथे खोल, जिथे अरुंद तिथे उथळ जातो. कोपऱ्यात तो वर उचलला जातो, म्हणून टोक धारदार मिळतं. सपाट तळाच्या बिटने, म्हणजे एंड मिलने, कोपरा नेहमी गोलच येतो.

खोली बिटच्या कोनावर ठरते. ६० अंशांच्या बिटला ६ मिलिमीटर रुंद रेघेसाठी सुमारे ५.२ मिलिमीटर खोल जावं लागतं. ९० अंशांच्या बिटला त्याच रेघेसाठी फक्त ३ मिलिमीटर. ६० अंशात सावली गडद पडते, अक्षर दुरून उठून दिसतं. ९० अंशात काम लवकर होतं, पण अक्षर जरा पसरट भासतं. दाराच्या पाटीला मी ६० अंश सुचवतो.

छोट्या मशीनबरोबर जे टोकदार २० अंशांचे बिट येतात, ते तांब्याच्या सर्किटवर बारीक रेघा ओढण्यासाठी असतात. त्यांनी लाकडात अक्षर कोरायला घेतलं तर ६ मिलिमीटरच्या रेघेला १७ मिलिमीटर खोली लागेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीची फळी जवळजवळ आरपार. ते बाजूला ठेवा आणि कार्बाइडचा ६० अंशांचा चांगला बिट घ्या. सागवानात सिलिका असते, साध्या पोलादाची धार तिच्यापुढे फार टिकत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर, पुण्यात रविवार पेठेत अवजारांच्या दुकानांतून बिट हाताळून, धार बघून घेता येतात. घेताना दांड्याचा व्यास आपल्या कॉलेटशी (मशीनमधल्या बिट पकडणाऱ्या चिमटीशी) जुळतो का ते बघायला विसरू नका.

लाकूड

दाराबाहेरच्या पाटीला सागवानासारखं दुसरं नाही. ते फारसं वाकत नाही, त्यातल्या तेलामुळे वाळवी आणि पाणी लांब राहतं. चंद्रपूरकडचा बल्लारशाचा साग नावाजलेला आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी तिथूनच लाकूड गेलं. पाटीपुरती फळी मात्र कुठल्याही टिंबर मार्टमध्ये, पुण्यात भवानी पेठेत, कापून उरलेल्या तुकड्यांत स्वस्तात मिळून जाते. रेषे सरळ असलेला, गाठ नसलेला तुकडा निवडा. १८ ते २० मिलिमीटर जाडी पुरते.

जुन्या वाड्याची चौकट किंवा फळी उतरवली असेल आणि तिच्यातूनच त्या घरातल्या माणसांसाठी पाटी करायची असेल, तर त्याहून चांगली भेट सुचणार नाही. पण अशा लाकडात खिळे असतात. लोहचुंबक फिरवा. पितळेचा स्क्रू चुंबकाला सापडत नाही, म्हणून रंध्याने वरचा थर काढून उजेडात नीट बघा. बिट खिळ्यावर आदळला तर कार्बाइडचा तुकडा उडून डोळ्याला लागू शकतो.

घरात ठेवायच्या, बारीक अक्षरांच्या वस्तूंना स्टीम बीच (वाफवलेलं बीचचं लाकूड) छान. रेषे बारीक, कोर स्वच्छ. आंब्याचं लाकूड स्वस्त आहे, पण कोरीत केसाळ तंतू राहतात, सफाईला वेळ लागतो. शिसव गडद, त्यात सोनेरी रंग भरला की देखणं दिसतं. मात्र शिसवाच्या जातीचं लाकूड साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत २०१७ पासून सरसकट आलेलं आहे. परदेशातल्या नातलगांना पाठवायची वस्तू असेल तर तो व्यापच नको, सागच वापरा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लाकूड दमट असतं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. १२ टक्क्यांच्या आत आकडा येईपर्यंत फळी घरात, हवा खेळेल अशी, पट्ट्यांवर ठेवून द्या. ओल्या लाकडात कोरलेलं अक्षर सुरेख दिसतं, आणि उन्हाळा आला की त्याच्यातूनच चीर जाते.

आणि फळी सपाट हवी. हे फार जण सोडून देतात. फळी मध्ये अर्धा मिलिमीटर जरी फुगलेली असेल, तर ६० अंशांच्या बिटने रेघेची रुंदी तिथे ०.६ मिलिमीटरने बदलते, ९० अंशांच्या बिटने पूर्ण १ मिलिमीटरने. शिरोरेषा ही सरळ, लांब, एकसारखी रेघ असल्यामुळे हा फरक तिच्यात लगेच डोळ्यांत भरतो. रंधा मारा किंवा मशीनवरच मोठ्या सपाट बिटने वरचा थर काढून घ्या. फळी त्याच जागी ठेवून लगेच कोरायला घेतलं तर सर्वांत उत्तम.

मशीनवर

मशीनच्या टेबलावर एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीचा) बळी-फळा, म्हणजे बिट खाली गेलाच तर टेबलाऐवजी कापला जाणारा फळा, स्क्रूने बसवलेला असावा. पाटी त्यावर धरायचा सोपा आणि पक्का मार्ग: पाटीच्या मागे मास्किंग टेप, फळ्यावर मास्किंग टेप, आणि दोन्ही टेपांच्या मध्ये फेवीक्विकचे थेंब. क्लॅम्प लागत नाहीत, बिट कुठे आदळायची भीती नाही, काम झालं की टेप सोलून निघते. पाटी पातळ आणि लहान असेल तेव्हा हाच मार्ग. जाड, जड फळीला कडेने क्लॅम्पही लावा.

शून्यबिंदू पाटीच्या मध्यावर घ्या. कोपऱ्यातून घेतला आणि फळी एखाद मिलिमीटर कमी-जास्त कापलेली असली, तर नाव एका बाजूला सरकतं. उंचीचं शून्य साध्या कागदाने जमतं: बिट हळूहळू खाली आणा, कागद सरकवताना किंचित अडला की थांबा. कागदाची ०.१ मिलिमीटर जाडी वजा करा.

आता वेग. नियम एवढाच की बिटने प्रत्येक फेऱ्यात लाकडाचा काप काढला पाहिजे, नुसतं घासता कामा नये. फेरे, बिटच्या धारा आणि प्रत्येक धारेने काढायचा काप यांचा गुणाकार म्हणजे सरकण्याचा वेग. दीड किलोवॉटच्या स्पिंडलवर (बिट फिरवणाऱ्या मोटरवर) मिनिटाला १६,००० फेरे, दोन धारा आणि ०.०४ मिलिमीटर काप धरला तर मिनिटाला १,२८० मिलिमीटर. एका फेरीत, म्हणजे रेघेवरून एकदा जाताना, २ मिलिमीटर खोली. ‘३०१८’ या नावाने मिळणाऱ्या छोट्या मशीनची मोटर आणि सांगाडा हलका असतो. तिथे मिनिटाला ४०० ते ५०० मिलिमीटर आणि एका फेरीत ०.७ ते १ मिलिमीटर एवढ्यावरच समाधान माना. त्या मशीनवर ३०० मिलिमीटरची पाटी मावत नाही, २४० × १२० घ्या. भुशाऐवजी पीठ पडू लागलं, जळका वास आला, कोरीच्या कडा तपकिरी झाल्या, की समजा बिट घासतोय: वेग वाढवा, नाहीतर फेरे कमी करा.

मार्ग बनवताना शेवटची एक फेरी ०.२ मिलिमीटरची ठेवा. उभे राहिलेले तंतू ती कापून नेते आणि सफाईचं निम्मं काम वाचतं.

खरी पाटी लावण्याआधी त्याच फाइलने एमडीएफच्या तुकड्यावर कोरून बघा. पूर्ण नाव नसलं तरी चालेल. जिथे सर्वांत गर्दी आहे तेवढं जोडाक्षर, म्हणजे ‘श्री’, ‘क्ष’, ‘ष्ण’ असं काही, नक्की कोरा.

वीज जाण्याचा विचार आधी करा. लॅपटॉपला बॅटरी असते, स्पिंडलला नसते. साध्या मशीनला वीज गेल्यावर आपण कुठे होतो हे आठवत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी बळी-फळ्यावर, पाटीच्या बाहेर, बिटच्या टोकाने एक बारीक खूण करा आणि तिचं शून्यबिंदूपासूनचं अंतर लिहून ठेवा. वीज आली की बिट त्या खुणेवर आणायचा, ती मूल्यं द्यायची, आणि जिथे थांबलं त्याच्या थोड्या आधीच्या ओळीपासून पुढे चालवायचं. लॅपटॉप आपोआप झोपी जाण्याची सेटिंगही बंद करा.

सुरक्षेबद्दल थोडक्यात पण ठाम. गॉगल आणि कानाला संरक्षण हवंच. हातमोजे नकोत, कारण फिरत्या बिटमध्ये कापड अडकलं की हात ओढला जातो. ओढणी, सैल बाही, लांब माळ, मोकळे केस, सगळं आवरून. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे, आणि सागाच्या धुळीने अनेकांच्या त्वचेला खाजही सुटते. तेव्हा एन-९५ मास्क घाला आणि व्हॅक्यूमचं तोंड बिटजवळ ठेवा. मशीन चालू ठेवून चहाला जाऊ नका. बोथट बिट आणि भुशाचा ढीग यांतून ठिणगी पेटायला वेळ लागत नाही. काम संपल्यावर व्हॅक्यूमची पिशवीही उघडून बघा.

सफाई आणि रंग

कोरून झाल्यावर नायलॉनच्या ब्रशने, रेष्यांच्या दिशेने, तंतू झाडा. जुना दात घासायचा ब्रश चालतो. हट्टी तंतू ३२० नंबरचा पेपर दुमडून त्याच्या घडीने काढा. व्ही आकाराच्या तळात बोट किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, तळाची रेघ हेच या कामाचं सौंदर्य आहे.

अक्षरात रंग भरायचा असेल तर क्रम पाळा. सागाचे रेषे उघडे असतात. थेट रंग भरला तर तो केशिकांतून आडवा पसरतो आणि शिरोरेषेला मिश्या फुटतात. मी हा क्रम चांगला मानतो: कोरण्याआधी फळीला सँडिंग सीलरचे (लाकडाची रंध्रं बुजवणाऱ्या लेपाचे) किंवा चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशचे दोन हात. वाळल्यावर त्यावर स्टिकरवाल्यांकडचं चिकट विनाइल घट्ट दाबून बसवायचं. त्या विनाइलमधूनच कोरायचं. मग कोरीच्या आत सीलरचा पातळ हात, तो वाळला की काळा किंवा गडद तपकिरी ॲक्रिलिक रंग, आणि रंग अर्धवट सुकला असताना विनाइल सोलून काढायचं. व आणि ब यांच्या पोटातली छोटी बेटं चिमट्याने अलगद उचला. कोरताना ती निघून जाऊ नयेत म्हणून विनाइल आधी कापडाने घासून नीट चिकटवणं गरजेचं.

त्यानंतर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला पेपर गुंडाळून २४० आणि मग ३२० नंबरने हलका हात. हातात धरून पेपर फिरवला की कोरीच्या धारा गोल होतात आणि अक्षर म्हातारं दिसतं.

दाराबाहेरच्या पाटीला ऊन-पाऊस लागत असेल तर बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्या, तीन पातळ हात, मधल्या हातांमध्ये बारीक पेपर. पाठ आणि कडाही सोडू नका. एकच बाजू बंद केली तर उघड्या बाजूने ओल शिरून फळी वाकते. बंद जिन्यातल्या दाराला चपड्याचं पॉलिश पुरतं, आणि त्याची ऊब पीयूला येत नाही, हे माझं मत.

हस्ताक्षर कोरायचं असेल तर

आजीच्या हाताने लिहिलेली पुरणपोळीची कृती, वडिलांच्या पत्रातली सही, गुरुजींनी वहीत लिहिलेला शेरा: नावाच्या पाटीनंतर सर्वांत जास्त मागणी होते ती याची, आणि सर्वांत जपून करायचं कामही हेच.

कागद सपाट ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करा. जुना, पिवळा पडलेला कागद असेल तर रंगीत स्कॅन करून मग काळा-पांढरा करा, म्हणजे डाग आणि शाई वेगळी करता येते. इंकस्केपच्या ‘ट्रेस बिटमॅप’मध्ये ‘सेंटरलाइन’ असा पर्याय आहे. तो बाह्यरेषा न काढता शाईच्या मधली एकच रेघ काढतो. नेहमीच्या पद्धतीने बाह्यरेषा घेतली तर पेनाची बारीक रेघ दोन रेघांची होते आणि अक्षर पोकळ दिसतं. त्यानंतर त्या रेघेवरचे बिंदू कमी करा, पण जपून. जास्त गुळगुळीत केलं की थरथरता हात नाहीसा होतो, आणि तो थरथरता हातच तर हवा असतो.

६० अंशांच्या बिटने १ मिलिमीटर खोल कोरलं तर रेघ १.१५ मिलिमीटर रुंद येते. पेनाच्या अक्षराला तेवढी पुरे. इथे लाकूड बारीक रेष्यांचंच घ्या, स्टीम बीच उत्तम. आजीने ‘वेलदोडे’चं ‘वेलदोड’ लिहिलं असेल, ओळ शेवटी खाली उतरली असेल, तर तसंच राहू द्या. शुद्धलेखन सुधारायची ही जागा नव्हे.

याच पद्धतीने पोळपाटावर कोरता येतं, पण पाठीच्या बाजूने, पायांच्या मधल्या जागेत. लाटायच्या बाजूला कोर नको, कणीक अडकते आणि कधीच निघत नाही. देवघराच्या पाटावर कोरायचं असेल तर बसायची जागा सोडून कडेला. चाव्या अडकवायच्या फळीवर आधी हुकांच्या जागा आखा, मग उरलेल्या जागेत नाव बसवा.

लावणं आणि पाठवणं

पाटीच्या मागे किल्लीच्या भोकासारख्या दोन खाचा मशीननेच काढता येतात. त्यासाठी वेगळा बिट मिळतो. खाचेची खोली सोडून समोरच्या बाजूला निदान ५ मिलिमीटर लाकूड उरेल, आणि समोरून तिथे कोर खोल गेलेली नसेल, हे आराखड्यातच तपासा. समोरून स्क्रू लावायचे असतील तर पितळेचे घ्या. ओलसर सागात साध्या लोखंडी स्क्रूभोवती काळा डाग पडतो. भोकांचं अंतर दाखवणारा कागद पाटीबरोबर द्या. ज्याच्या घरी ती लागणार, त्याला ड्रिल मारताना टेप घेऊन बसावं लागत नाही.

पीयू हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला बरेच दिवस घेतं. पाटी आधी मऊ सुती कापडात गुंडाळा, मग बबल रॅप. थेट बबल रॅपमध्ये बांधली तर उन्हात तापलेल्या कुरिअरच्या गाडीत बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. ऑस्ट्रेलियाला पाठवत असाल तर साल किंवा किडीचं एकही भोक नसलेलं लाकूडच निवडा, तिथे लाकडी वस्तूंची कडक तपासणी होते. पाटीबरोबर एक चिठ्ठी ठेवा: कोरड्या कापडाने पुसावी, काच पुसायचं द्रव फवारू नये, आणि ऊन-पावसातली पाटी असेल तर काही वर्षांनी हलकी घासून पीयूचा एक हात पुन्हा द्यावा.